तीन कार्डं: किराणा, पेट्रोल, बाकी सगळं

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टरबाईंनी झोपेची वही ठेवायला सांगितलंय. किती वाजता आडवा झालो, किती वाजता उठलो, मधे किती वेळा जाग आली. मी म्हटलं, बाई, मी ब्रेडची गाडी चालवतो, रात्री दोनला उठतो, संध्याकाळी सातला झोपतो, सत्तावीस वर्षं हेच चाललंय, त्यात लिहायचं काय? त्या म्हणाल्या, लिहा, आणि मनात काय येतं तेही लिहा. मनात काय येणार? गव्हाचा ब्रेड कमी पडला, बर्गरचे बन उरले.

तरी लिहितो. काल सातला झोपलो, मधेच जाग आली. अर्लिस खाली तळघरात फोनवर बोलत होती. तिची बहीण लव्हॉन ड्युलुथला राहते, तिच्याशी. दोघी बहिणी बोलायला लागल्या की त्यांना वेळेचं भान नसतं. पूर्वी अर्लिस स्वयंपाकघरात बसून बोलायची. तळघरात गारठा असतो. माझी झोप मोडू नये म्हणून गेली असेल. बायको भली आहे माझी.

९ जानेवारी, गुरुवार

अर्लिस नाताळाच्या आधी निवृत्त झाली. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून इतकी वर्षं लोकांची बिलं केली तिने. मला वाटलं होतं, आता विणकाम करील, टीव्ही बघील. तिने क्रेडिट कार्डं काढली.

दुपारी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर घरातली सगळी कार्डं पत्त्यांसारखी मांडून ठेवलेली. अकरा निघाली.

"जुगार मांडलायस का?"

"बूट काढ आधी. अख्ख्या वॉसॉ गावाचा बर्फ घरात आणलायस."

बसलो. तिने एकेक उचलून दाखवलं. हे विमानाचं. आपण विमानात शेवटचं कधी बसलो ते तिलाही आठवेना. हे गोदामाएवढ्या दुकानाचं, जिथे मोहरीची चटणी बादलीने मिळते. हे वर्षाची फी घेतं आणि जवळपास तेवढंच परत देतं. तिचं म्हणणं असं की रोजच्या खर्चावर जे चार पैसे परत मिळतात ते सोडायचे नाहीत, पण त्यासाठी अकरा कार्डं सांभाळायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माणसाला तीन कार्डं बस झाली. एक किराण्याला जास्त कॅशबॅक देणारं, एक पेट्रोलला, आणि एक बाकी सगळ्याला सारखंच देणारं. तिन्हींची बिलं महिन्याच्या महिन्याला पूर्ण भरायची. एकदा उशीर झाला की वर्षाची कमाई व्याजात जाते.

"गॉर्डी, यातली तुझी किती?"

"सगळीच. नाव आहे की माझं."

"नाव छापलंय रे. खातं माझं आहे. माझ्या खात्यावर तुला वापरायची परवानगी आहे, एवढंच."

"मग बिघडतं कुठे? काउंटरवर कोणी विचारत नाही."

"आज नाही विचारत. उद्या मी माझी खाती बंद केली तर तुझ्या हातात नुसतं प्लॅस्टिक राहील."

"बंद कशाला करशील?"

"बोलायची पद्धत असते," ती म्हणाली, आणि कार्डं गोळा केली.

खरं सांगायचं तर मला आजवर हे ठाऊक नव्हतं. उठावदार अक्षरांत गॉर्डन झास्ट्रो लिहिलेलं असलं की माणसाला ते आपलंच वाटतं.

१८ जानेवारी, शनिवार

काल साडेचार तास झोप, आज तीन. पाठ भरून आली आहे.

अर्लिसने आज माझी उलटतपासणी घेतली. कागद घेऊन समोर बसली.

"तू स्वतः काय काय विकत घेतोस? आपण दोघं नाही. तू एकटा."

सांगितलं. पेट्रोल, कॉफी, सकाळचं अंड्याचं सँडविच, बर्फातल्या मासेमारीचं आमिष, नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीचा परवाना.

"बनियन, चड्ड्या?"

"त्या तू आणतेस."

"मी आणते," तिने लिहिलं. "साबण? दाढीची पाती? रक्तदाबाच्या गोळ्या?"

"तू."

"ब्रेड?"

"ब्रेड फुकट."

दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असू.

मग तिने हिशेब केला. माझा एकट्याचा खर्च मुख्यतः पेट्रोल आणि खाणं, म्हणून त्या दोन गोष्टींना जास्त देणारी दोन कार्डं आणि एक सरधोपट. गोदामवाल्या दुकानाचं बंद. "एवढाल्या पिशव्या आणून करायचं काय?" म्हणाली. मी म्हटलं, दोघांना लागतात की. तिने पुढचं कार्ड उचललं.

एक कार्ड मला बरं वाटलं होतं. त्याचा जास्तीचा कॅशबॅक दर तीन महिन्यांनी बदलतो, कधी औषधांवर, कधी हॉटेलांवर. पण दर वेळी आपण होऊन बटण दाबावं लागतं, नाहीतर काही मिळत नाही.

"तू विसरशील," ती म्हणाली.

"तू आहेस की आठवण करायला."

तिने पेनाचं टोपण लावलं. "ते नको," म्हणाली, आणि कागद घडी करून ठेवला. काटकसरीचं वेड लागलंय तिला. निवृत्त झालं की लागतं म्हणे.

लव्हॉनचा भाडेकरू गेला. "वरची खोली रिकामी झालीय, गॉर्डी. खिडकीतून अख्खं सरोवर दिसतं." मी म्हटलं, मग चांगला भाडेकरू मिळेल.

२ फेब्रुवारी, रविवार

एका मोठ्या बँकेच्या कार्डासाठी अर्लिसने माझ्या नावाचा अर्ज कॉम्प्युटरवर भरला. मी बाजूला खुर्चीत बसलो होतो, प्रश्नांची उत्तरं द्यायला. तिथेच डुलकी लागली. जाग आली तर ती कॉम्प्युटरकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"काय?"

"काही नाही. जन्मतारीख तीच ना अजून?"

"अजून तीच आहे."

"मग झालं."

११ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज फेटाळला. पत्र आलं, गुळगुळीत कागदावर, माझ्या नावावर पुरेसा पूर्वेतिहास नाही म्हणून. एकसष्ट वर्षांचा झालो. कोणाचा एक पैसा बुडवला नाही, आणि माझा पूर्वेतिहास नाही. घर अर्लिसच्या आईचं, तिच्या नावावर. माझी गाडी जुनी, रोख देऊन घेतलेली. कामाची गाडी बेकरीची. बँकेच्या दृष्टीने मी अजून जन्मायचाच आहे.

मला हसू आलं. अर्लिसला नाही आलं. कपाळाला हात लावून बसली.

"आता आणखी किती महिने जाणार कोण जाणे."

"घाई काय आहे? तुझी कार्डं आहेत ना."

"घाई आहे रे," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "नव्या गिऱ्हाइकाला सुरुवातीला बोनस देतात ना. तो जाईल."

टेकडीवरच्या दुकानात माल उतरवून घ्यायला मर्व असतो. मागच्या दारी रोज आमची गाठ पडते, पहाटेच्या अंधारात. त्याला हे पत्राचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षं तू आयत्या बिळावर नागोबा होतास तर." मर्वच्या तोंडाला कुलूप नाही. त्याचं स्वतःचं पाकीट रबर लावून बांधलेलं असतं, त्यात जगातल्या सगळ्या दुकानांची कार्डं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

माझा पगार पहिल्यापासून कामगारांच्या पतपेढीत जमा होतो. अर्लिस म्हणाली, तिथे जाऊ, तिथे तुझी ओळख आहे. ओळख म्हणजे पगाराची. मी त्या इमारतीत आजवर पाऊल ठेवलं नव्हतं.

टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती, व्हॅलेंटाइन म्हणून कोटाला लाल बदाम लावलेला. "मिस्टर झास्ट्रो, तुम्ही आमचे एवढे जुने सभासद. आधी कधीच कार्ड का घेतलं नाहीत?"

"बायको आहे ना," मी म्हटलं.

"किती गोड," ती मुलगी म्हणाली.

अर्लिस खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर नांगराची गाडी बर्फ ढकलत होती, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

कार्ड मंजूर झालं. मर्यादा लहान, पण मंजूर. कशावरही सारखाच कॅशबॅक, वर्षाची फी नाही. गाडीत बसल्यावर अर्लिसने हातमोजे तोंडाला लावले. सर्दी झाली म्हणाली. मग मी तिला चॉकलेटचा बदामाच्या आकाराचा डबा दिला. मर्वने सकाळी दिला होता, कोपरा चेपला म्हणून अर्ध्या किमतीत. ती म्हणाली, "लक्षात राहिलं तुझ्या?" मी हो म्हटलं. मर्वचं सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कार्ड आलं. अर्लिसने दवाखान्यातून निरोपाची भेट म्हणून नावाच्या पट्ट्या छापायचं छोटं यंत्र मागून आणलंय. घरात सगळ्या गोष्टींवर पट्ट्या लागल्या आहेत. मीठ. फ्यूज. पाण्याचा मुख्य नळ. फ्रीजरमधल्या डब्यांवर तारखा. माझ्या कार्डावर तिने पट्टी लावली, "बाकी सगळं."

"मी काय लहान मूल आहे?"

"नाहीस. पण पहाटे पाच वाजता कॉफी घेताना तुझं डोकं चालत नाही, हे मला ठाऊक आहे."

बिल आपोआप कसं भरायचं तेही शिकवलं. मी म्हटलं, हे तूच कर ना. म्हणाली, "नाही. तू दाब." दाबलं.

७ मार्च, शुक्रवार

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस सुरू झाले, शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य, म्हणून मासे खायला गेलो. हा बेत तिचा. मी दुपारी झोप काढून घेतली होती, तरी जेवताना डोळे मिटत होते. तळलेला पर्च, राय ब्रेड, कोबीची कोशिंबीर. तिने ब्रँडी घेतली, माझ्यासाठीही मागवली, पण मी घेतली नाही, कारण दोनला उठायचं होतं.

"गॉर्डी, तुला कधी माझ्याशी काही बोलायचं असतं का?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

मी विचार केला. मग सांगितलं की पांढरा ब्रेड आता पूर्वीसारखा खपत नाही, लोक बियांचा मागतात. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बिल तू दे. तुझ्या कार्डाने." दिलं. वाढपी बाई आमच्याकडे बघून हसली. अर्लिसने माझा दंड धरला होता, बर्फावरून गाडीपर्यंत. बरं वाटलं मला. ते वाटलं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण गाडीत हीटर सुरू झाला आणि मी पेंगलो.

१५ मार्च, शनिवार

किराण्याचं कार्ड आलं, टेकडीवरच्या दुकानाचं. त्यावर पट्टी, "किराणा." अर्लिस म्हणाली, आजचा बाजार तू कर, मी गाडीत बसते. मी या दुकानात सत्तावीस वर्षं मागच्या दाराने जातोय. पुढच्या दाराने गेलो तर वस्तू सापडेनात. अंडी कुठे असतात ते एका पोराला विचारावं लागलं.

पोर्क चॉप्सचा मोठा पुडा आणला. ती म्हणाली, "एवढे? एका माणसाला..." थांबली.

"दोघांना," मी म्हटलं.

"हो. दोघांना."

घरी एक नवा तवा दिसला, अगदी बशीएवढा. दोन अंडी जेमतेम मावतील. मी विचारलं तर म्हणाली सेलमध्ये होता. तिचे दोन कोट कपाटात नाहीत. चर्चला दान दिले असतील. हिवाळा अजून संपला नाही आणि कोट दिले, कमालच आहे.

२५ मार्च, मंगळवार

आज काय लिहू ते समजत नाही. तरी लिहितो.

पहाटे मर्वच्या दारात माल उतरवत होतो. मी आपला पाकीट काढून मिरवत होतो, बघ, दोन कार्डं माझी स्वतःची, तिसरं पेट्रोलचं येतंय. पट्ट्या दाखवल्या. कपाटांवरच्या पट्ट्या, बिल भरायची शिकवणी, बशीएवढा तवा, सगळं सांगितलं, बायको कशी येडी झालीय म्हणून.

मर्व हसला आधी. मग म्हणाला, "माझी बायको टेक्सासला गेली ना, त्या दिवशी मी याच दुकानात ट्रॉली भरून काउंटरवर उभा. कार्ड चालेना. दुसरं दिलं, तेही चालेना. सगळी तिच्या खात्यावरची. सकाळी फोन करून बंद केली होती बाईने. आणि मागे रांगेत कोण? आमचे पाद्री." त्याने नाक पुसलं. "तुझ्या अर्लिससारखं सगळं आधी मार्गाला लावून गेली असती, तर निदान अंडी तरी घरी नेली असती मी."

बोलून गेला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं.

"अरे गॉर्डी, मी आपलं उगाच काहीतरी बोललो लेका. माझं काय ऐकतोस."

मी ट्रे उचलून आत गेलो. पांढऱ्याच्या फळीवर राय ब्रेड लावून आलो. मर्वने मागून येऊन सगळा नीट लावला.

गाडीत येऊन बसलो. तळघरातले फोन. लव्हॉनची वरची खोली. कोट. एवढाल्या पिशव्या आणून करायचं काय. हे सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मी बैलासारखा बघत होतो. माझीच वही मागे उलटून वाचली तर शाळेतल्या पोरालाही कळेल. मला कसं कळलं नाही? की कळून घ्यायचं नव्हतं?

ती तिसऱ्या कार्डाची वाट बघतेय. ते आलं की जाणार.

२६ मार्च, बुधवार

सुट्टी. दिवसभर घरात होतो. तिला काही विचारलं नाही. झोप अजिबात नाही.

२ एप्रिल, बुधवार

आज ती केस कापायला गेली होती, म्हणून टपाल मी आणलं. जाहिराती, विजेचं बिल, आणि एक पाकीट, आत काहीतरी कडक. हाताला लागल्याबरोबर समजलं.

नेऊन माझ्या गाडीत, समोरच्या काचेवर ऊन अडवायची झडप असते तिच्यामागे खोचून ठेवलं. ती आली तेव्हा विचारलं, "टपाल?"

"जाहिराती."

लग्नाला एकतीस वर्षं झाली. तिच्याशी खोटं बोललो असेन, पण इतकं चटकन कधी नाही.

५ एप्रिल, शनिवार

तिने कार्ड कंपनीला फोन केला. ते म्हणतात, कधीच पाठवलंय. "टपालखातं झोपा काढतंय," ती म्हणाली. पुन्हा पाठवा म्हणून सांगितलं. मनात आलं, तेही लपवीन. मग तिसरं पाठवतील, तेही. असा हिशेब करत मी शहरभर ब्रेड वाटत फिरलो.

दुपारी घराशी आलो तर ती रस्त्याच्या कडेला टपालपेटीपाशी उभी होती. अर्धा बर्फ, अर्धा चिखल, पायात नुसत्या चपला. पेटी उघडून आत हात घालून बघितलं, मग वाकून बघितलं. मी गाडी थोडी लांबच थांबवली. आणि मला फार वाईट वाटलं. ती जाणार म्हणून वाईट वाटतच होतं, पण हे वेगळं होतं. माझी गाडी दुपारी वळणावर दिसायची तेव्हा ती अशीच दाराशी यायची. कधी यायची बंद झाली ते मला सांगता येणार नाही. मी आत जाऊन झोपत असेन.

मी थकलो आहे. लपवून ठेवायलासुद्धा अंगात बळ लागतं.

८ एप्रिल, मंगळवार

पाकीट टेबलावर ठेवलं. झडपेमागे राहून वाकलं होतं. तिने उलटून पाहिलं.

"कधी आलं?"

"गेल्या बुधवारी."

ती खाली बसली. "म्हणजे तुला कळलंय."

"हो."

"कधी?"

"मर्वच्या दारात. मार्चमध्ये."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू?"

"तेच, गॉर्डी," ती म्हणाली. "तेच तर."

फ्रीज सुरू झाला आणि बंद झाला. मग तिनेच सुरुवात केली. आवाज चढवला नाही. "मी चिडून जात नाहीये. चिडायचं केव्हाच संपलं. कामाला जात होते तोवर लक्षात यायचं नाही. आता दिवसभर घरी असते तर दिसतं, या घरात दोन भाडेकरू राहतात. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. एकमेकांना त्रास देत नाहीत, एवढंच."

"मी नोकरी सोडली तर?"

"मग तू दिवसाही झोपशील."

हसू आलं आम्हाला. ती डोळे पुसत हसत होती.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. शब्द तोंडातून निघाले तेव्हा दुसऱ्याच कोणाचे वाटले.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "हे जानेवारीत बोलला असतास, गॉर्डी." मग म्हणाली, "पण बोललास. बरं झालं बोललास."

उन्हाळाभर लव्हॉनकडे राहणार. पुढचं पुढे बघू, म्हणाली. मी विचारलं, जायचंच होतं तर हे कार्डांचं एवढं कशाला मांडलंस? तिने जरा विचार केला.

"मी तिकडे गेले की माझी खाती तिकडच्या पत्त्यावर नेणार, बरीचशी बंद करणार. तू काउंटरवर ओशाळून उभा आहेस, मागे रांग आहे, आणि तुला काय झालं तेच कळत नाहीये. हे चित्र डोळ्यासमोर घेऊन मला त्या खिडकीत बसायचं नव्हतं."

मग तिने यंत्रावर पट्टी छापली, "पेट्रोल," आणि कार्डावर लावली. वाकडी लागली. बाकीच्या दोन अगदी सरळ आहेत. ती काढून परत लावील असं वाटलं, पण तशीच ठेवली.

१३ एप्रिल, रविवार

चार तास झोप. बरी म्हणायची.

सकाळी तिची गाडी भरली. खोकी मीच उचलली. फार नव्हती. तवा माझ्यासाठी ठेवलाय. कालचा राय ब्रेड तिच्या बाजूच्या सीटवर ठेवला, लव्हॉनला आवडतो.

मग म्हटलं, किल्ली दे जरा. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, दे तर.

कोपऱ्यावरच्या पंपावर नेली. आधी हवा बघितली, पुढचं उजवं चाक थोडं बसलं होतं, ते भरलं. काचेवर हिवाळाभराचं मीठ साचलेलं होतं, ते घासून काढलं, मागची काचसुद्धा. मग पाकिटातून वाकड्या पट्टीचं कार्ड काढलं. त्या कार्डाची पहिलीच खरेदी. यंत्राने घरचा पिनकोड विचारला. दाबला. जरा वेळ नुसतंच थांबलं, मला वाटलं नाही चालत. मग चाललं.

पंपाच्या नळीचा खटका आपोआप बंद पडेपर्यंत मी हात काढला नाही. टाकी काठोकाठ भरली आहे. ड्युलुथपर्यंत सहज पुरेल, आणि बेताने चालवली तर परत येईपर्यंतसुद्धा.